काटामावशीची दोन जादा बिस्किटं

काटामावशी दिराच्या दुकानाची भर करते, ही कुजबुज बिस्किटांच्या कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत, हात धुण्याच्या नळांपाशी जन्माला आली. पुड्यात दोन बिस्किटं जास्त भरायची, ते पुडे बरोबर दिराकडे जातील अशी सोय लावायची आणि दिरानं ती दोन काढून सुटी विकायची, असा म्हणे बेत होता. सांगणारीनं ऐकणारीला गळ्याची शपथ घातली होती. त्यामुळे पाळी सुटेपर्यंत बातमी फक्त गेटवरच्या पहारेकऱ्यापर्यंत पोचली, आणि त्यानं आपल्या पदरची भर घालून दोनाची चार केली.

काटामावशीचं काटामावशी हे नाव पडलं ते तिच्या हातांमुळे. बिस्किटांच्या रांगा पट्ट्यावरून सरकत यायच्या. ती दोन्ही हात खाली घालायची, उचलायची, कागदात ठेवायची, पुढची बाई कागद मिटून चिकटवायची. मोजणं नाही, बघणं नाही. उजव्या हातात आठ, डाव्या हातात आठ. एकदा शहाणपणा म्हणून वजनाच्या काट्यावर तिचे पन्नास पुडे घालून पाहिले, तर काटाच बिघडलाय की काय असं सुपरवायझरला वाटलं, सगळे सारखे. तेव्हापासून काटामावशी. ज्यांनी तिची जीभ अंगावर घेतली होती ते म्हणायचे, नाव दोन्ही अर्थांनी बरोबर आहे.

एकतीस वर्षं ती चार नंबरच्या टेबलावर उभी होती. व्हॅनिलाचा वास तिच्या साड्यांत, उशीत, पासबुकाच्या पानांत शिरला होता. बसमध्ये शेजारच्या बाईचं मूल रडायचं थांबून तिच्याकडे वळायचं. नवरा गेल्यावर बहिणीचा मुलगा तिच्याकडे राहायला आला. तो बँकेत चिकटला, आणि दीड खोलीत दोन माणसं आणि एक वास असा संसार सुरू राहिला. निवृत्तीला सव्वा वर्ष उरलं होतं. तेव्हा जी एकरकमी पुंजी मिळायची, तीच तिच्या पुढच्या आयुष्याची काठी. खोटेपणाचा ठपका ठेवून काढलं, तर त्यातली कवडीही हातात पडणार नव्हती.

आणि ठपका आलाच. त्याचं झालं असं. महिन्याच्या पहिल्या तारखेला सूचनाफलकावर कागद लागला, की पुड्यात यापुढे सोळा नव्हे, चौदा बिस्किटं. किंमत तीच, पाच. कागदही जुनाच, साठा संपेपर्यंत वापरायचा. वजनाच्या आकड्यावर फक्त नवा शिक्का. अकरा दिवसांनी एका दुकानदाराकडून, बाकीच्यांपेक्षा फुगीर दिसतात म्हणून, सहा पुडे परत आले. सहांवरही वजनाचा नवा शिक्का आणि चार नंबरच्या टेबलाचा, आणि सहांतही सोळा बिस्किटं. लगेच टेबलावरचा त्या दिवसाचा माल तपासला. त्यात मात्र चौदाच निघाली. यामुळे तर संशय आणखी पक्का झाला, कारण बातमीबाईच्या मते चोर सावध झाला होता.

बातमीबाई म्हणजे मावशीचे पुडे चिकटवणारी, शेजारीच उभी राहणारी, कामगारांची निवडून दिलेली प्रतिनिधी. तिला खोकला आला तरी त्यात काहीतरी खबर असायची. चौकशी मंगळवारी आहे हे मावशीला तिनंच सांगितलं, तेही असं, "मावशी, घाबरू नका हं. मी आहे ना तिथे."

"तू आहेस म्हणूनच घाबरतेय," मावशी म्हणाली.

रविवारी दुपारी भाच्यानं विषय काढला, पण दुसऱ्याच टोकानं. तो बँकेतला, त्याला आकडे दिसले की भूक लागायची. वेतनवाढीची बोलणी चालू होती आणि त्यात नव्या हिशेबसाहेबानं सभेत उभं राहून विचारलं होतं, "नऊ वर्षांपूर्वी पुडा पाचाला, आजही पाचाला. तेवढ्यात तुमची मजुरी दुप्पट झाली. मग महागाई आहे कुठे? मनात?" ही गोष्ट भाच्याला फार आवडली होती.

"मावशी, साहेब चुकीचं नाही बोलला. तू लागलीस तेव्हा रोज किती?"

"चोवीस."

"पुडा?"

"तीनाला. वीस बिस्किटं. तेव्हा हातात दहा-दहा बसायची."

भाच्यानं वर्तमानपत्राच्या कडेवर पेन्सिल चालवली. "म्हणजे दिवसाच्या मजुरीत आठ पुडे, एकशे साठ बिस्किटं. आता रोज तीनशे वीस, पाचाचे चौसष्ट पुडे, चौदानं गुणले तरी आठशे शहाण्णव. मावशी, तू साडेपाच पट श्रीमंत झालीस! आणि मला चहाबरोबर दोनच देतेस?"

"मग आजपासून घरभाडं बिस्किटांत दे," मावशी म्हणाली. "घरमालकाला विचार, घेतो का."

तो हसला, पण पेन्सिल थांबली. मावशी काही शाळेत फार शिकलेली नव्हती. तिला टक्केवारी कळत नसे. तिचा हिशेब दिवसांचा होता. कोणती वस्तू किती दिवस उभं राहून येते, एवढंच ती बघायची. हा पंखा, डोक्यावर कुरकुरणारा, घेतला तेव्हा वीस दिवस उभी राहिले, तिनं सांगितलं. आज नवा घ्यायचा तर चार दिवस. भाच्याचा चेहरा फुलला. हीच दीड खोली तेव्हा महिन्याला अडीच दिवसांत सुटायची. आज दहा दिवस तिच्यातच जातात. भाच्याचा चेहरा जागेवर आला. दात काढायला अर्धा दिवस लागायचा, आता चार. फोन तेव्हा नव्हताच, आता आहे, आणि तो नसता तर तुझी आई रोज मला दोन तास छळू शकली नसती, हा फायदा की तोटा ते तू ठरव.

"म्हणजे महागाई आहे की नाही?" भाच्यानं विचारलं. त्याला एका आकड्यात उत्तर हवं होतं.

मावशीला ते देता येईना, आणि खोटं द्यायचं तिच्या जिवावर आलं. स्वस्त झालं ते बरंच होतं, हे तिला मान्य होतं. पण जे स्वस्त झालं त्यावाचून अडत नव्हतं, आणि ज्यावाचून अडतं ते हातभर वर जाऊन बसलं होतं. शिवाय एक तिसराच प्रकार होता, जो ना वर जायचा ना खाली. जागच्या जागी उभा राहून आतून रोडावायचा. विसाची अठरा, अठराची सोळा, सोळाची चौदा. अठरा आणि सोळा होताना निदान किंमतही वाढली होती, लोकांनी चार शिव्या तरी घातल्या होत्या. या खेपेला कुणी शिवीसुद्धा दिली नाही, कारण कुणाला कळलंच नाही. कळलं असेल तर ते पुडा भरणाऱ्या हातांना.

भाचा खाली दूध आणायला गेला, तेव्हा मावशीनं फळीवरचे चार पुडे फोडून बिस्किटं ताटात ओतली, डोळे मिटले आणि दोन्ही हात घातले. काय आलं ते तिनं पाहिलं. पुन्हा केलं. मग एकेक बिस्कीट डब्यात भरलं आणि भाच्याला त्या दिवशी चहाबरोबर सहा दिली. तो समजला, आपण वाद जिंकलो.

मंगळवारी ऑफिसात तीन खुर्च्या होत्या. एकीवर जुना मॅनेजर, त्याला मणक्याचा त्रास, म्हणून तो खुर्चीत कमी आणि खुर्चीच्या कडेवर जास्त. दुसरीवर हिशेबसाहेब, इस्त्रीतून आत्ताच काढल्यासारखा. तिसरीवर बातमीबाई, कानांची पूर्ण तयारी करून. मावशीला उभंच ठेवलं होतं. तिला त्याचं काही नव्हतं. एकतीस वर्षांचा सराव होता. टेबलावर सहा पुडे ओळीनं मांडलेले.

"मावशी, पुड्यात किती भरायची?" साहेबानं सुरुवात केली.

"फलकावर लिहिलीत तेवढी."

"मग ही सोळा कशी?"

"मोजलीत?"

"दोनदा."

"बरं केलंत. बसून मोजायला बरं असतं."

बातमीबाईनं तोंडावर पदर धरला. साहेबानं कागद पुढे ओढला. "पुड्यामागं दोन जादा. दिवसाला तुमचे दोन हजार पुडे, दिवस अकरा. चव्वेचाळीस हजार बिस्किटं. एवढं कंपनीचं नुकसान. दुकान कुणाचं आहे तुमच्याकडे?"

"दिराचं. आणि हे पुडे तिथून आले का?"

साहेबानं कागद उलटला. पुडे आले होते ते भलत्याच दुकानातून. "ते बघू," तो म्हणाला. "नुकसान तर झालंय ना?"

सव्वा वर्ष, ती पुंजी, दीड खोली, सगळं त्या सहा पुड्यांशेजारी मांडल्यासारखं तिला दिसत होतं. पण आवाज तिनं टेबलावरचाच काढला, पट्ट्याच्या खडखडाटावर चढणारा.

"साहेब, मागच्या सभेत तुम्हीच म्हणालात, पुड्याची किंमत नऊ वर्षांत वाढली नाही."

"नाहीच वाढली. पाच आहे."

"पुडा तोच?"

"तोच."

"मग पुडा तोच, किंमत तीच, आणि आत मागच्या महिन्यात होती तीच सोळा बिस्किटं. नुकसान कसलं झालं?"

"अहो मावशी, आता चौदा…"

"मग पुडा तोच नाही."

साहेबानं मॅनेजरकडे पाहिलं. मॅनेजर मणका सावरत होता, आणि तो बराच वेळ सावरत राहिला.

"एक काय ते ठरवा," मावशी म्हणाली. "ही दोन बिस्किटं कुणाची? गिऱ्हाइकाची असतील, तर मी त्याची त्याला दिली, माझ्यावर चौकशी कसली? आणि कंपनीची असतील, तर पाचाच्या पुड्यातून दोन गेली, म्हणजे किंमत वाढली. मग मजुरीच्या सभेत तसं लिहा. दोन्हीकडं दोन बोलायचं असेल, तर मला बसायला खुर्ची द्या, वेळ लागेल."

खुर्ची दिली नाही, पण मॅनेजर चक्क हसला. त्यानं साहेबाच्या हातातला कागद घेऊन दुमडला, "यापुढे लक्ष देऊन भरा," एवढं म्हणाला आणि मावशीला नि बातमीबाईला कामावर पाठवलं. ठपका नाही, नोंद नाही. पुढच्या सभेत "महागाई मनात" हे वाक्य कुणी उच्चारलं नाही. वाढ मिळाली ती मागणीपेक्षा कमी आणि देऊ केलेल्यापेक्षा थोडी जास्त. घरमालकानं वाढीची बातमी लागताच भाडं वाढवून ती अर्धी गिळली. भाच्यानं हे गणित वर्तमानपत्राच्या कडेवर मांडलं आणि पहिल्यांदाच मावशीला न दाखवता कागद खिशात घातला. मावशी सव्वा वर्ष त्याच टेबलावर उभी राहिली आणि पुरती पुंजी घेऊन घरी गेली.

कुजबुजीनं मात्र कूस बदलली. बातमीबाईनं नळांपाशी सांगितलं, की मावशीनं ते मुद्दाम केलं होतं. कंपनीनं गरिबाच्या पुड्यातली दोन बिस्किटं काढली, मावशीनं अकरा दिवस ती गुपचूप परत घातली, साहेबाच्या नाकावर टिच्चून. बाया तिच्याकडे आदरानं बघू लागल्या. नव्या पोरी पाया पडायला आल्या, तेव्हा तिनं "पुरे, पट्टा चालू आहे," म्हणून त्यांना पिटाळलं. दिराच्या दुकानाची गोष्ट खोटी, असं ती छातीठोक सांगायची. दुसरीबद्दल ती काहीच बोलायची नाही.

दोन्ही गोष्टी खोट्या होत्या. मावशीनं जाणूनबुजून एकही बिस्कीट जास्त घातलं नव्हतं. तिच्या हातांना नऊ वर्षं सोळाची सवय होती, आणि चौदाची लागायला अकरा दिवस गेले.