निळ्या गाडीला मेणाचे पाच हात

किस्से गोळा करावे लागत नाहीत. गाडीवर ओलं मेण असलं आणि शेजारच्या कापसाच्या जिनिंगमधून रुई उडत असली, की ती जशी न बोलावता येऊन बसते, तसेच हे बसतात. पुसतो म्हटलं तर जास्तच चिकटतात. माझ्या अंगावर असे बरेच बसलेले आहेत. काही अजून निघाले नाहीत.

यवतमाळला पांढरकवडा रोडवर, जिनिंगच्या भिंतीला लागून रफिकभाईंचं गॅरेज होतं. ते ठोकपीट करायचे, मी गाड्या धुवायचो आणि मेण लावायचो. आपल्याकडे बर्फ पडत नाही, तरी हिवाळा गाडीला सोसावाच लागतो. रात्रभर दव, दवावर धूळ, धुळीवर रुई, आणि तुरीवर फवारलेलं औषध वाऱ्यानं उडून येतं ते वेगळंच. म्हणून दिवाळी झाली की लोक मेण लावायला यायचे. ती वर्षं कापसाला फार वाईट गेली. नवी गाडी कोणाला जमत नव्हती, म्हणून ज्याची होती तो जुनीलाच लेकरासारखी जपायचा.

*

मला तेव्हा वाचता येत नव्हतं. डबा मी चित्रावरून ओळखायचो.

एकदा जिनिंगच्या शेठची पांढरी जीप आली. उकंडा तिचा ड्रायव्हर. मी दुकानातून डबा आणला. वर काहीतरी चकचकतंय असं चित्र होतं. आतलं मेण निघालं तांबडं. मला वाटलं नवीन तऱ्हा असेल, सुकल्यावर पांढरं होईल. पूर्ण बॉनेटला हात दिला, सुकू दिलं, पुसायला घेतलं. पुसावं तितकी जीप गुलाबी! ते लाल फरशीला लावायचं पॉलिश होतं.

उकंडा चहा पिऊन आला. त्यानं बॉनेटवर बोट फिरवून पाहिलं. मग हळूच मला म्हणाला, "दौलतभाऊ, हिले कोणी पाह्याले आलते काय? एवढी लाजली काहून?"

त्याच हिवाळ्यात मी साक्षरतेच्या वर्गात नाव घातलं. आज हे लिहितो आहे ते त्या लाल डब्याच्या कृपेनं.

*

दुसरी गोष्ट शेठच्याच काळ्या गाडीची. मी मेणाचा पहिला हात दिला आणि उकंडाला बजावलं, की हे सुकेपर्यंत गाडी हलवू नको. शेठनं बोलावलं म्हणून यानं ती तशीच नेऊन जिनिंगच्या दारात उभी केली. मशीन चालू, वारा सुटलेला. पाऊण तासात गाडीची मेंढी झाली. शेठ बाहेर आले आणि गाडीसमोर उभं राहून विचारायला लागले, "गाडी कुठाय?"

मी धावत गेलो. पाहतो तर कापूस खरेदीचे ग्रेडर तिथं उभे. आता हे काय बोलतात याची मला धास्ती. त्यांनी सवयीनं बॉनेटवरून चिमूटभर रुई उचलली, दोन बोटांत ताणली, उजेडात धरली आणि शेठला म्हणाले, "धागा बरा आहे. पण ओल जास्त आहे, ग्रेड कमी लागेल."

*

आता सुमनताईंचं सांगतो, कारण पुढचं सगळं त्यांचंच आहे.

वकीलसाहेबांच्या त्या पत्नी. माहेर बाभुळगावकडचं, शेतीवाडीचं. घरी गर्द निळी, गोल नाकाची जुनी गाडी होती. ताई तिच्यावरच गाडी शिकल्या. पहिल्याच दिवशी त्यांनी ती घराच्या फाटकाला नेऊन भिडवली आणि दाराच्या कडीखाली अंगठा मावेल एवढा पोचा पडला. वकीलसाहेब वीस वर्षं त्यावरून चिडवत होते. ताईंनी तो कधी काढू दिला नाही. येता-जाता त्यात अंगठा ठेवायच्या.

पुढे ताईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला. उजेड दिसायचा, माणूस दिसायचा नाही. तरी मी मेण लावत असलो की खुर्ची टाकून बसायच्या. एकदा मी मेणाच्या दोन हातांमध्ये पूर्ण दिवस जाऊ द्यायचा तो दिला नाही, सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरा देऊन मोकळा झालो. गाडी तर काचेसारखी दिसत होती. ताईंनी बोटं फिरवली आणि म्हणाल्या, "भाऊ, आज घाई होती वाटते."

कसं कळलं, मी विचारलं. त्या म्हणाल्या, "लहानपणी बाबा कापसाचा धागा हाती देऊन इचारत, सांग कोन्या वावरातला. बोटं इसरत नाही."

मी त्यांना सांगायचो, की मेण लावल्यावर आधी पांढुरकं होते, मग पुसलं की चमकते. त्यावर त्या म्हणाल्या, "माह्या डोळ्याचं तेच झालं. पांढुरकं झालं, पुसणारा भेटून नाही राह्यला."

डॉक्टरांनी त्यांना ऑपरेशनच्या टेबलावरून दोनदा परत पाठवलं होतं. दोन्ही वेळा बीपी चढलेलं.

एक दिवस मी ताईंच्या अंगणात मेण लावत असताना उकंडा जीप घेऊन आला. जीपला पोचा आला होता. शेठला कळायच्या आत त्यात मेण भरून दे म्हणाला. मी समजावलं, की मेणानं पोचा भरत नाही. तो चिडला, "मंग एवढं घासता कायले?"

ताई इतक्या हसल्या की खुर्ची हलायला लागली. "उकंडा, मेणानं पोचा भरला असता नं, तं मी दौलतभाऊच्या पाया पडली असती!"

*

दिवाळीनंतर एका सकाळी वकीलसाहेब पायी गॅरेजवर आले. त्यांना मी कधी पायी पाहिलं नव्हतं. कपाळाला पट्टी होती. घरी न्हाणीत घसरलो म्हणून सांगितलं होतं.

खरं असं होतं. धुक्यात स्वतः गाडी चालवणार नाही, असा शब्द त्यांनी ताईंना दिला होता. तरी पहाटे बाभुळगावला निघाले आणि गाडी निंबाच्या झाडावर घातली. माणसाला फार काही झालं नाही, पण गाडी संपली. भंगारातसुद्धा दोन तुकड्यांत गेली. ताईंना सांगितलं, इंजिनच्या कामाला रफिकभाईंकडे टाकली आहे.

"तिला आत्ता कळलं तर बीपी पुन्हा चढेल," वकीलसाहेब म्हणाले. "डॉक्टर म्हणतात होळीच्या आधी ऑपरेशन झालं नाही तर डोळे हातचे जातील. दौलत, नागपूरहून तशीच गाडी आणली आहे. तोच रंग. फक्त हात खडबडीत लागतो. हिवाळाभर तिच्या बोटांना कळू द्यायचं नाही."

कोर्टात लोकांकडून खरं बोलायची शपथ घ्यायला लावणारा माणूस!

पोच्याची आठवण मीच करून दिली. वकीलसाहेबांचा चेहरा उतरला. नागपूरची गाडी गॅरेजवर आली तेव्हा तसाच पोचा पाडायला रफिकभाईंनी लाकडी हातोडा उचलला, तिच्या दाराजवळ गेले, दोनदा हात वर केला आणि हातोडा खाली ठेवून दिला. "साहब, जिंदगीभर पोचे निकाले. डालने को मत बोलो, हाथ नहीं उठता."

*

मेण कोणतं, हा मोठा प्रश्न होता. होळीपर्यंत टिकायला हवं. मी वकीलसाहेबांच्या अंगणात त्या गाडीच्या छतावर तीन पट्टे ओढले. एक बाटलीतल्या पातळ मेणाचा, एक डब्यातल्या घट्ट मेणाचा आणि एक मधमाशीच्या मेणाचा. ते केळापूरकडचा एक माणूस जंगलातून आणायचा. गाडी रात्रभर दवात ठेवली. ज्या पट्ट्यावर सकाळी दवाचे थेंब गोल आणि उभे, ते मेण टिकाऊ. थेंब पसरले की समजावं मेण आजचं आहे, उद्याचं नाही.

डब्यातल्या मेणावर थेंब मोत्यासारखे बसले होते. मधमाशीच्या मेणाचा निकाल लागायच्या आत ऊन वर आलं आणि वकीलसाहेब गाडीत बसून कोर्टात निघाले. त्या मेणात मध राहून गेला होता. फाटकापर्यंत गाडी गेली नाही तर माशा आल्या. पाच-दहा नाही, सगळं मोहोळच! वकीलसाहेबांनी काचा वर केल्या आणि आत काळा कोट घालून घाम पुसत बसले. तारीख निघून गेली.

ओसरीतून ताईंना नुसता आवाज येत होता. त्या म्हणाल्या, "भाऊ, इंजिन लयच गुणगुणते. रफिकभाईनं चांगलंच काम केलं."

*

मग मी शांतपणे कामाला लागलो. मधाचं मेण धुवून काढलं. आधी घासायची पांढरी पेस्ट फिरवून उन्हानं भाजलेला रंग सोलला. खाली बाटलीतल्या मेणाचे दोन हात, वर घट्ट मेणाचे तीन. उलटं केलं तर पातळ मेण खालचं घट्ट मेण उचलून घेते. हात पातळ द्यायचा, पांढुरकं होऊ द्यायचं, बोट ओढून पाहायचं, ओघळ आला नाही तरच पुसायचं. आणि मग एक दिवस थांबायचं. थांबणं हेच खरं काम. घासणं कोणालाही येते.

रोज सकाळी ताई येऊन बोटं फिरवायच्या. पहिला दिवस. बोटं बॉनेटवर थांबली, पुढे गेली, परत मागे आली. खिडकीत वकीलसाहेब. ताई दाराशी गेल्या आणि अंगठा नेमका कडीखाली टेकवला, सपाट पत्र्यावर. तसाच थोडा वेळ ठेवला.

"थंडी वाढली, नाही?" म्हणाल्या आणि घरात गेल्या.

वकीलसाहेब धावत खाली आले. "कळलं नाही! दौलत, कळलं नाही तिला!" मी म्हटलं, होय साहेब.

दुसऱ्या हाताला त्या म्हणाल्या, अजून कोरडं लागते. तिसऱ्याला म्हणाल्या, आता सूत जमलं. चौथ्याला मी डावीकडच्या मडगार्डला कमी मेण लावलं होतं, ते त्यांनी तिथल्या तिथं पकडलं. पाचव्याला नुसती मान हलवली. अंगठा मात्र रोज कडीखाली.

पुढे दर पंधरा दिवसांनी मी पुसून जायचो आणि डॉक्टर बीपी पाहून जायचे. बीपी उतरत चाललं होतं. डॉक्टरांनी यंत्र झटकलं, पुन्हा पाहिलं. "वकीलसाहेब, कोणती गोळी बदलली?"

वकीलसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "मेण."

*

ऑपरेशन होळीच्या आधी झालं. वकीलसाहेबांनी ठरवलं होतं, पट्टी निघाली की आपणच सांगायचं. पट्टी निघाली. ते रोज उद्या सांगतो म्हणायचे.

आठ-दहा दिवसांनी ताईंनी मला बोलावलं. रफिकभाईही आले. गाडी अंगणात उभी होती, मेण अजून टिकलेलं. वकीलसाहेब ओसरीच्या खांबाला धरून उभे होते. ताईंनी काळा चष्मा काढला आणि गाडीभोवती हळूहळू एक चक्कर मारली. मागे नंबरच्या पाटीपाशी जरा थांबल्या.

पाटी! तिच्यावर नंबर नागपूरचा, आणि आम्हा तिघांच्याही ते डोक्यात आलं नव्हतं. रफिकभाईंनी तोंडावर हात ठेवला. माझ्या हातातलं फडकं खाली पडलं.

ताई तिथून निघून दाराशी आल्या. कडीखाली अंगठा टेकवला, बोटानं तिथं दोनदा पुसलं आणि वकीलसाहेबांकडे वळल्या.

"अहो, पाह्यलं काय? दौलतभाऊनं मेणानं पोचा भरला."

एवढं बोलून त्या सरळ माझ्यासमोर आल्या आणि पाया पडायला वाकल्या. मी घाबरून मागे सरलो. वकीलसाहेब ओसरीवरून ओरडत धावले, "अगं, वाकू नकोस! डॉक्टरांनी वाकायचं नाही सांगितलंय!"

ताई सरळ उभ्या राहिल्या. चष्मा डोळ्यांवर चढवला.

"बरं," म्हणाल्या, "मंग तुम्ही पडा."