नत्थुजींचा उतार

तेल्हाऱ्याच्या नत्थुजी वाजंत्र्यांना कोणी "तुमची सनई लई गोड" म्हटलं, की ते स्वतःच हसत. "गोड कायची बाप्पा? मी वाजंत्री नाई, लोहाराचा भाता आहो."

आणि ते खरंच होतं. बापाने त्यांना सगळं शिकवलं, पण उतार काही साधला नाही. नवरीची दमणी, म्हणजे छपराची बैलगाडी, सासरी निघाली, की सनईवाल्याने मागून चालत गावच्या शिवेपर्यंत आवाज हळूहळू बारीक करत न्यायचा. तोडायचा मात्र नाही. याला वाजंत्री उतार म्हणत. शिवेआधी सनई तुटली तर अपशकुन. नत्थुजी आवाज उतरवायला गेले, की सनई एकदम मुकीच होई. म्हणून ते शेवटपर्यंत भरल्या छातीनेच फुंकत.

तेवढ्यात तिकडे अमेरिकेत लढाई पेटली आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. हातात पैसा खुळखुळू लागलेल्या लोकांना लग्न तीन गावांना ऐकू जाणारं हवं होतं. उतार जाणणारे वाजंत्री घरी बसले आणि नत्थुजींना पार अकोल्याहून बोलावणी येऊ लागली. आंधळ्याच्या गाई देव राखतो, असं ते स्वतःबद्दल म्हणत.

मग गावातल्याच खुशालरावांच्या लेकीचं, वच्छलाचं लग्न निघालं, आणि ऐन वेळी नत्थुजींचे पुढचे दोन दात पडले. फुंकलं की निम्मा वारा बाहेर.

"जाऊ नका," बायको मैनाबाई म्हणाली. "मधातच सनई बसली तं कोनी दारात उभं नाई करणार."

"अन् नाई गेलो तं आजच धंदा बसते," म्हणून ते गेले.

दमणी निघताना खुशालराव कानाशी येऊन म्हणाले, "नत्थुजी, शिवेपर्यंत दणकून! लोकाइले समजलं पाहिजे."

अर्ध्या वाटेवरच नत्थुजींचा दम संपला. सनईचा आवाज थरथरत बारीक होऊ लागला, तशी म्हातारी माणसं माना डोलवू लागली. "वा! काय उतार हाय!" नत्थुजी मनात म्हणाले, उतार कायचा, दिवाळं निघालं माझं.

खरं कळलं ते एकट्या वच्छलाला. लहानपणी हीच पोरगी त्यांच्यासमोर चिंच चोखून त्यांच्या तोंडाला पाणी आणायची आणि सनई बंद पाडायची. तिने दमणीतून तोंड बाहेर काढलं. सासरची माणसं कुरकुरली, पण ती ऐकते थोडीच!

"नत्थुबाबा, जोर नका लावू. हळू वाजवा, मले आयकू येते. गाडीवान, बैल हळू घे."

नत्थुजींनी जन्मात पहिल्यांदा जोर सोडला. आवाज लहान झाला, आणखी लहान झाला, पण तुटला नाही. दमणी शीव ओलांडून गेली.

सनई एवढी हळू झाली, तेव्हा त्यांना मागचं ऐकू आलं. खुशालराव लहान पोरासारखे हुंदके देत होते. शिवेवर डोळे पुसणारी माणसं नत्थुजींनी खूप पाहिली होती, पण कोणाचं रडणं कधी कानावर पडलं नव्हतं. त्यांना एकदम आपली लेक जयवंता आठवली. तिला याच शिवेवर त्यांनी स्वतःच सनई वाजवून पोचवलं होतं, अगदी छाती फुटेस्तोवर. दमणीतून ती काहीतरी म्हणाली होती.

बिदागीचं पागोटं तसंच डोक्यावर ठेवून ते घरी न जाता लेकीच्या सासरी, पातूरच्या वाटेला लागले. दोन दिवसांनी पोचले तेव्हा जयवंता अंगणात ज्वारी पाखडत होती. बापाचं दोन दात पडलेलं तोंड पाहून ती आधी पोट धरून हसली.

"बाई, तू जाताना दमणीतून काय म्हटलं होतं वं?" त्यांनी विचारलं.

तिचा सूप धरलेला हात थांबला.

"म्हटलं, बाबा, सनई राहू द्या. एकडाव हाक मारा."