खोळीतले दहा संगणक

नारायण पेठेतल्या आमच्या प्राथमिक शाळेत दहा संगणक आले, तेव्हा मुख्याध्यापकांनी खोलीची किल्ली माझ्या हातात ठेवली. संगणकाचा कोर्स केलेली मी एकटीच होते. "बाई, काही बिघडलं तर उत्तर तुम्ही द्यायचं," एवढंच ते म्हणाले. शिकवायचं काय, याबद्दल चकार शब्द नाही.

मी काही बिघडू दिलं नाही. आईच्या जुन्या साड्यांच्या खोळी शिवल्या, मुलांना चपला बाहेर काढायला लावल्या. खुर्च्यांवरचं प्लास्टिकसुद्धा काढलं नाही. आठवड्यातून एकदा मुलं रांगेने आत यायची आणि हाताची घडी, तोंडावर बोट ठेवून फरशीवर बसायची. मी एक संगणक चालू करायचे, त्यावर घर काढायचे, घरामागे सूर्य. मुलं माना उंचावून बघायची. एखादा हात पुढे आला की मी डोळे वटारून सांगायचे, हात लावायचा नाही. फक्त खंडेनवमीला प्रत्येकाला जवळ येऊन झेंडूचं फूल वाहता यायचं. तेही पडद्यापासून लांब.

अशी बारा वर्षं गेली. दहापैकी एकही संगणक बिघडला नाही. याचा मला केवढा अभिमान होता, हे सांगायला आता लाज वाटते.

आत देव बसवलाय का, असं एकदा शिक्षकांच्या खोलीत कुणीतरी विचारलं. सगळे हसले. मी फणकाऱ्याने डबा उचलला आणि संगणकांच्या खोलीत जाऊन जेवले. मग रोजच तिथे जेवू लागले. कुणीतरी बोलवायला येईल असं सुरुवातीला वाटायचं. कुणी आलं नाही, आणि आपण होऊन परत जायला माझा स्वभाव आड आला. आई गेल्यावर बिबवेवाडीला घरी जायची घाईही उरली नाही. शाळा सुटली की मी एकेक खोळ झटकत बसायचे. त्या खोलीत मला फार एकटं वाटायचं आणि तरी तीच खोली हवीशी वाटायची.

यंदा वर्गावर्गात मोठे स्मार्ट बोर्ड लागले. मुलं धावत जाऊन त्यावर बोटं फिरवतात, त्यांना कुणी अडवत नाही. संगणक सोमवारी भंगारात जाणार आणि खोलीत पोषण आहाराची पोती येणार, असं ठरलं. जाण्याआधी एकदा तरी मुलांनी त्या खुर्च्यांवर बसावं, एवढंच मला हवं होतं. शनिवारी चौथीच्या बाईंना विचारून मी त्यांचा वर्ग मागून घेतला. प्लास्टिक फाडलं, खोळी काढल्या. दहाच्या दहा संगणक सुरू झाले.

चपला काढू नका, म्हटलं. बसा, हवा तिथे हात लावा. हे वाक्य तोंडातून निघायला मला वेळ लागला.

मुलं एकेका खुर्चीवर दोघं-तिघं दाटीवाटीने बसली. पुढच्या खुर्चीतल्या मुलीने पडद्यावर बोट ठेवलं, सरकवलं, पुन्हा जोरात दाबलं. मग माझ्याकडे वळून अगदी समजुतीने म्हणाली, "बाई, याला हात लावून काही होत नाही."

मी तिच्या हाताखाली माऊस दिला. तिने माझं मन राखायला एक रेघ ओढली. थोड्या वेळाने कुणीतरी विचारलं, आम्ही वर्गात जाऊ का, तिकडे बोर्डवर खेळ लावलाय. मी हो म्हटलं. मिनिटभरात खोली रिकामी झाली. मी पहिल्यांदाच त्यातल्या एका खुर्चीत बसले आणि खूप रडले.

दहाही पडद्यांवर बोटांचे ठसे होते. सवयीने फडकं हातात घेतलं, पण पुसवेना. सोमवारी टेम्पो आला तेव्हा हमालाने विचारलं, बाई, झाकायला काही आहे का. साड्यांच्या खोळी माझ्या पिशवीतच होत्या. मी नाही म्हणाले.