आबांची तुरुंगातली भाकरी

इतिहासाच्या पेपरात बेचाळीसच्या आंदोलनाचे परिणाम विचारले होते. मी पाठ केलेले मुद्दे लिहिले. आमच्या घरात झालेला परिणाम त्यात कसा बसवायचा ते मला कळलं नाही. इथे प्रयत्न करते.

आमचं गाव सोनगीरजवळ. कॉलेजला जाणारी घरातली मी पहिलीच. धुळ्याला नाव घालायचं ठरलं, पण अडलं ते भाकऱ्यांपाशी. सकाळी आई म्हशींचं बघायची आणि शेतावरच्या भाकऱ्या मी थापायचे. धुळ्याची बस नेमकी त्याच वेळेला. दादा, म्हणजे माझे वडील, म्हणाले, "कालेज ऱ्हाऊ दे मंग."

ओट्यावरून आबा, माझे आजोबा, म्हणाले, "भाकरी मी थापसू."

आबा बेचाळीसला तुरुंगात होते. तिथे स्वयंपाकाची पाळी असायची. शेतकरी असो की वकील, पाळी आली की चुलीपुढे बसायचं. आबा अक्षरं तिथेच शिकले आणि भाकरीही. सुटून आल्यावर मात्र घरात कुणी त्यांना चुलीजवळ फिरकू दिलं नव्हतं.

गावभर झालं. शेजारचे नाना रोज थांबून विचारत, "आबा, स्वराज्य लेवाले गयथात का भाकरी शिकाले?"

"दोन्ही शिकनू. तू एकबी नही शिकना."

आबांची भाकरी जाड व्हायची, कडेला चिरायची. शेतात लोक दादांच्या फडक्यातली भाकरी उचलून एकमेकांना दाखवत. दादा घरी येऊन नुसतं फडकं कोपऱ्यात टाकत. तेच मला जास्त लागायचं. शेवटी ते आईला म्हणाले, ही परीक्षा होऊ दे, कॉलेज मग पुरे. आबांनी ऐकलं आणि एवढंच म्हणाले, माझ्या हातची भाकरी वकिलांनी खाल्ली, त्यांची कुठं लाज गेली.

इतिहासाच्या पेपरच्या सकाळी आबा तापाने फणफणले होते. मी पिशवी खुंटीला परत अडकवली आणि पिठाची काठवट पुढे ओढली. दादा दारात उभे होते. मग आत आले आणि माझ्या शेजारी बसले.

"सरक. बस निंघी जाई."

"तुमले भाकरी येस का, दादा?"

"आबाले येस, मंग माले काबर नही?"

मी फाट्यापर्यंत पळत गेले. बस मिळाली.

संध्याकाळी आईने सांगितलं, दादांची भाकरी आबांपेक्षाही जाड झाली होती. आबांनी अंथरुणात बसून ती खाल्ली आणि पिठात पाणी कमी पडलं म्हणून सांगितलं. दादा शेतावर तीच घेऊन गेले. कोण हसलं, ते त्यांनी सांगितलं नाही.

"मग पुरे" हे त्यांनी पुन्हा काढलं नाही. मी आता दुसऱ्या वर्षाला आहे. बसच्या वेळेला आमच्या चुलीपुढे एक दिवस आबा बसतात, एक दिवस दादा. पाळी लागली आहे.