आर्नारुलुकचे पाच वाव

आर्नारुलुक बासष्ट वर्षांची बाई, पण मी तिला आजोबाच म्हणतो. माझे आजोबा गेले त्याच वर्षी ती जन्मली, त्यांचं नाव तिला मिळालं, मग आमच्यात नावाबरोबर नातंही आलंच की! बॅफिन बेटावरच्या आमच्या गावात ती स्वयंपाकघरात वायरलेस चालू ठेवून बॅनॉकचे पाव तळते आणि समुद्रावरच्या लोकांना धारेवर धरते.

परवा धुक्यात एक प्रवासी जहाज सापडलं. आत एकशे ऐंशी माणसं, मागून बर्फ रेटत येतोय, पुढे पाण्याखाली सीलखडक! पूर्वी समुद्र गोठला की त्या खडकावर बर्फ फुगून तडकायचा, शेंबडं पोरही जागा ओळखायचं. आता तिथे धड गोठतच नाही, आणि कप्तानाच्या नकाशावर ती जागा कोरी.

"खडकावर पाणी किती?" कप्तानानं विचारलं. "मला सात मीटर लागतं."

"पाच वाव. बर्फाला भोक पाडून मी स्वतः गळ सोडलाय तिथे."

"वाव म्हणजे?"

"अहो, दोन्ही हात पसरले की एक वाव!"

मी टेप घेऊन धावलो. "आजोबा, पसरा हात!"

एकशे छप्पन्न सेंटिमीटर. पाच वाव म्हणजे पावणेआठ मीटर. जमलं! मी ओरडूनच आकडा सांगितला.

"सरळ येतो," कप्तान म्हणाला.

आर्नारुलुक हात पसरूनच उभी होती, स्वतःच्या हातांकडे बघत. एकदम तिनं माइक हिसकावला.

"थांबा! दोरी मोजली तेव्हा मी दहा वर्षांची होते!"

"मग पाणी किती?"

"हिशेब नंतर करा! डावीकडे वळा, किनाऱ्यावरच्या कड्याला चिकटून. तिथे माझी दोरी तळाला कधी लागलीच नाही."

"कड्याला? वेड लागलंय का?"

"लागलंय! वळवा!"

गावातल्या घराघरात लोक वायरलेसला कान लावून बसलेले. मग कप्तान म्हणाला, "सुटलो, पलीकडे आलो." काय आरडाओरडा केला आम्ही! आर्नारुलुक तर नाचलीच.

दुसऱ्या दिवशी त्यानं होडी पाठवून खडकावर मोजलं. सव्वासहा मीटर. ऐकताच ती बोटांवर काहीतरी मोजायला लागली.

"आजोबा, वाचले ना सगळे?"

"अरे गाढवा, बाकीचे चाळीस खडकही मी तेव्हाच मोजलेत!" ती माइककडे धावली. "ऐका सगळ्यांनी! मी सांगितलेले वाव नकाशांवरून खोडा! एकूण एक खोडा!"