लटारूभाऊनं अडवलेली दवंडी

आमच्या गावची दवंडी अडवता येत असे. बाहेरच्यांना हे सांगितलं की ते हसतात. हसोत बापडे. धानोऱ्याच्या अलीकडच्या आमच्या खेड्यात कोतवाल डफडं वाजवत निघाला आणि सांगत असलेली गोष्ट एखाद्याला मान्य नसली, तर त्यानं घरातून यायचं आणि मुकाट रस्त्यात कोतवालापुढे उभं राहायचं. मग कोतवालानं डफडं तिथंच पालथं ठेवायचं. संध्याकाळी चिंचेखाली सगळं गाव बसे, बोलणं होई, आणि निकाल लागल्यावरच डफडं उचललं जाई. तळ्यावर धुणं बंद, अशी पाटलाची दवंडी रुखमाबाईनं एकदा अशीच अडवली होती, तीही ओलं धुणं काखेत मारून. पाटील महिनाभर फुगून बसला, पण धुणं चालू राहिलं.

लटारूभाऊ या गावचा कोतवाल. काटक, अबोल, आणि हट्टी म्हणावा तर असा की बैलानं शिकवणी लावावी. कोतवालकी त्याच्या बापाकडून आलेली. कमरेचा सरकारी पट्टा तो रोज तेल लावून पुसायचा. त्या पट्ट्यामुळे तहसीलदारही त्याला नावानं ओळखतो, याचा त्याला भारी अभिमान होता.

एका फाल्गुनात, मोहाची फुलं गळायला लागायच्या तोंडावर, जंगलखात्याचे रेंजरसाहेब आले. नवा नियम झाला होता. परवान्याशिवाय जंगलातला मोह वेचायचा नाही. आमच्याकडे मोह म्हणजे पावसाळ्यातलं पोट. कोठीतलं धान संपलं की वाळवलेल्या मोहावरच घरं निभतात. परवाना मिळणार लांब एटापल्लीला, म्हणजे तो आणायला जाईपर्यंत इकडे अस्वलं मोह खाऊन मोकळी. लटारूभाऊनं डफडं उचललं, कारण ते त्याचं कामच होतं. चार घरं गेला नसेल तर सोमारी, आमच्याकडची म्हातारी गोंडीण, काठी टेकत आली आणि त्याच्यापुढे उभी राहिली. त्यानं डफडं पालथं ठेवलं.

रेंजर भडकले. नागपूरहून आलेला नियम गावच्या म्हातारीनं अडवायचा असतो का, म्हणाले. लटारूभाऊनं शांतपणे विचारलं की हा नियम करताना कोणापुढे ठेवला होता. साहेब कुत्सित हसले. विधानसभेपुढे ठेवणार आहेत, तुम्हीच निवडून दिलेली माणसं बसतात तिथं, जा आणि विचार, असं म्हणाले. आणि मी परत येईन तोवर दवंडी झाली नसेल तर पट्टा काढून ठेव, असंही बजावलं.

साहेबांनी हे टोमणा म्हणून सांगितलं होतं. लटारूभाऊनं ते पत्ता म्हणून घेतलं.

तेव्हा आमचा चांदा जिल्हा मध्य प्रदेशात होता आणि राजधानी नागपूर. मी वडशाच्या भातगिरणीत कामाला होतो, नागपूर पाहिलेलं होतं, म्हणून त्यानं मला सोबत घेतलं. वडशाहून छोट्या रेल्वेगाडीनं निघालो. नागपुरात आमच्या भागाच्या आमदारांनी चहा पाजला, प्रेक्षकांच्या सज्जाचे पास दिले आणि समजावूनही सांगितलं. कायदा सभागृह करतं, त्याखालचे बारीक नियम सरकार करतं आणि मग सभागृहापुढे ठेवतं. कोणी हरकत घेतली तर चर्चा होते.

"म्हणजे आपल्यासारखंच हाय," लटारूभाऊ मला म्हणाला. त्याचा चेहरा एवढा खुललेला मी पुन्हा कधी पाहिला नाही.

सज्जात तो पागोटं नीट बसवून बसला. खाली मंत्री उठले, अमुक कायद्याखालचे नियम सभागृहापुढे ठेवतो असं हिंदीत म्हणाले आणि खाली बसले. पान तोंडात टाकायलाही याहून जास्त वेळ लागतो. पुढचा विषय सुरू झाला. लटारूभाऊ वाकून आमच्या आमदाराकडे बघत राहिला. आमदार शेजाऱ्याशी काहीतरी कुजबुजत होते. कोणीच उठेना.

मग लटारूभाऊ उभा राहिला.

बोलला नाही, हात हलवला नाही. नुसता उभा. शिपायानं बसायची खूण केली. मी त्याचं धोतर ओढलं. छे! तो खाली मंत्र्यांकडे बघत होता, ते आता हातातलं पालथं ठेवतील म्हणून. सज्जात उभं राहणं हा तिथं गुन्हा, हे त्याच्या गावीही नव्हतं. दोघांनी दंडाला धरून त्याला बाहेर काढलं. मला राग शिपायांचा आला नाही. खाली एवढी माणसं होती, एकाचेही गुडघे सरळ होऊ नयेत, याचा आला, आणि तो अजून गेलेला नाही.

आमदार तणतणत पायऱ्यांवर आले. माझी अब्रू घालवलीस, म्हणाले. लटारूभाऊनं पागोटं झटकून डोक्यावर ठेवलं.

"तुमी कोनीच उभे नाई राह्यले, भाऊ," तो म्हणाला. "म्हून मले राहा लागलं."

घरी आल्यावर पट्टा गेला. रेंजरांनी तहसीलदाराला सांगून तो त्याच्या पुतण्याच्या, वारलूच्या कमरेला बांधायला लावला. लटारूभाऊनं स्वतःच्या हातानं बांधला, पण त्या दिवशी तो जेवला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी वारलू दवंडी द्यायला निघाला. मागे साहेब स्वतः.

पहिलंच घर लटारूभाऊचं. तो बाहेर आला आणि पुतण्यापुढे उभा राहिला. मग सोमारी आली. मग रुखमाबाई, मग घराघरातून माणसं येत गेली, आणि नेहमी आढ्यतेत राहणारा पाटीलसुद्धा वहाणा घालून आला. रस्ता भरला.

साहेबांचा आवाज चिरकला. नागपुरात हाकलून दिलं तरी अक्कल आली नाही का, असं त्यांनी लटारूभाऊला विचारलं.

"आली ना, साहेब," लटारूभाऊ म्हणाला. "तिथी मी एकटाच उभा होतो, म्हून काढता आलं. आता काढा."

वारलूनं एकदा साहेबांकडे पाहिलं, एकदा काकाकडे. मग खाली वाकून त्यानं डफडं रस्त्यात पालथं ठेवलं. त्या साली मोह गळायला लागला तशी आम्ही सगळी टोपल्या घेऊन जंगलात गेलो, आणि वारलू पट्टा बांधूनच आमच्या पुढे चालला होता.