रिबकामावशीचा अबोला

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. सौंसरच्या आमच्या छोट्याशा ख्रिस्ती मंडळीत दर रविवारी प्रार्थना चालवणारा मी... डोळे मिटून उभा राहायचो तेव्हा पापण्यांच्या आत काळोखाखेरीज मला काही दिसत नसे. शब्द पाठ होते, आवाज बरा होता, लोकांचे डोळे भरून येत. ऐकणारं कुणी आहे, एवढं मात्र मनाला पटत नव्हतं. आणि ज्या एका माणसाला हे मी न सांगताच कळलं होतं, ती रिबकामावशी मागच्या महिन्यात गेली.

बातमी पांढुर्ण्याला आली, मी हल्ली तिथल्या शाळेत मास्तर आहे. मावशीचा शेजारी देवराव मोटारीतून उतरून थेट शाळेच्या फाटकाशी आला. "मास्तर, तुमची म्हातारी गेली," म्हणाला, आणि चक्क हसला. मग वरमून म्हणाला, "माफ करा जी. पन काल सांजेपर्यंत माह्या बैलाले शिव्या देऊन राहिली होती. तेच आठोलं." मलाही हसू आलं, आणि मग ते आवरेना. तिची बातमी दुसऱ्या कुठल्या रीतीनं आलेली तिलाही चालली नसती.

ती माझी सख्खी मावशी नव्हे, आईची मैत्रीण. गावाबाहेर तिची संत्र्याची लहानशी बाग होती. नवरा, याकोबकाका, तापात गेला. सारी मंडळी त्याच्या उशाशी गुडघे टेकून होती, तरी गेला. मातीहून परतल्यावर तिनं दारातच जाहीर केलं, "आजपासून माहं त्याच्यासंग बोलनं बंद." त्याच्यासंग म्हणजे देवासंग. आमच्या गोऱ्या पाळकसाहेबांना वाटलं, बाई विश्वासातून गेली. पण रविवारी ती सगळ्यांच्या आधी हजर! आम्ही सतरंजीवर बसायचो. तिचे गुडघे दुखत म्हणून तिचं स्वतःचं बुटकं लाकडी पिढं होतं. एरवी ते सगळ्यांत पुढे असायचं. त्या दिवशी तिनं ते दाराशी ठेवलं आणि तोंड बाहेर करून बसली. पाळकसाहेब म्हणाले, "बाई, बोलायचं नाही तर आलात कशाला?" तर म्हणते, "नवऱ्यासंग अबोला धरला तं बाई घर सोडून जाते काय साहेब? सैपाक तं कराच लागते!"

त्या अबोल्याची गंमत अशी की मावशीला भजनाचं भारी वेड. टाळ वाजले की तिचा आवाज आपोआप चढायचा, सगळ्यांच्या वर जायचा, आणि मधेच तिला आठवायचं की आपलं बोलणं बंद आहे. मग कडव्याच्या अर्ध्यातच तोंडाला पदर! नाताळच्या सकाळी मात्र तो पदर काही टिकला नाही. पाळकसाहेब येशूच्या जन्माचं वाचत असताना मागून खरखर आवाज येऊ लागला. मावशी पिढं फरशीवरून ओढत पुढे येत होती. कुणी हसू दाबलं, कुणाला ते जमलं नाही. "हसा बाप्पा, हसा," ती म्हणाली, "लेकराच्या वाढदिवशी कोनी भांडते काय?"

पुढेही तिचे अबोले होत राहिले, आणि पिढ्याची जागा पाहून मंडळीला देवाघरची हवा कळू लागली. स्वातंत्र्य आलं तेव्हा बाजारात कुणीतरी तिला टोमणा मारला, "तुमचे साहेब चालले, आता तुम्हीपन विलायतेले जाता काय?" ती संत्री मांडता मांडता म्हणाली, "माह्या बापाचं वावर बोरगावात हाये, विलायतेत नाही. संत्रा घेतेस का जातेस?" साहेब खरंच गेले. नवे पाळक नागपूरहून कधीमधी येत, आणि बाकीच्या रविवारी प्रार्थना माझ्या गळ्यात पडली. मास्तर माणूस, वाचता येतं, एवढीच पात्रता. नको म्हणायला धीर हवा होता, तो माझ्यात नव्हता.

तेव्हापासून मी तिचा निरोप्या झालो. अबोल्याच्या घरात नाही का, 'सांग तुझ्या बापाला, ताट वाढलंय' म्हणून पोरांना मधे घालतात... तसं. प्रार्थना संपली की ती मला दाराशी अडवायची. राज्यांची नवी वाटणी झाली, नागपूर मुंबईकडे गेलं, आम्ही मध्य प्रदेशात राहिलो. तिची लेक नागपूरला. "त्याले सांगजो, माय एका राज्यात अन् लेक दुसऱ्यात झाली. त्याले ठाव असनच, पन आपल्याकडून सांगितलेलं बरं." पुढच्या रविवारी विचारायची, "देल्ला ना निरोप?" मी म्हणायचो, "दिला, मावशी." ती मान डोलावायची. मी दिलेला नसायचा. कुणाला देणार?

एकच दिला. यंदा गारपीट झाली, मावशीचा सारा बहार झोडपला गेला आणि बांधापलीकडच्या दारुड्याच्या बागेतलं पानही हललं नाही. पिढं दाराशी गेलं. "सांग त्याले," ती कडाडली, "पुढच्या खेपेले बांध पाहून टाकत जाय म्हना!" त्या संध्याकाळी कपाशीच्या वावरातून एकटा चालत असताना, थोडं चेष्टेनं, मी मोठ्यानं म्हणालो, "रिबकामावशी म्हणते, बांध पाहून टाकत जा." आणि हसलो. मग लक्षात आलं, मी एकटा हसलो नव्हतो. समोर कुणी ऐकून हसावं आणि आपण त्याला साथ द्यावी, तसा हसलो होतो. भीती वाटली. त्यानंतर पुन्हा तसं काही केलं नाही.

तिच्या शेवटच्या रविवारी ती दाराशीच होती. म्हणाली, "तू माहे निरोप देत नव्हता ना रे?" मी उगाच हातातलं पुस्तक चाळू लागलो. "जाऊ दे. मले पैल्यापासून ठाव हाये."

"मग माझ्याजवळच का देत होतीस?"

"बाकीचे धडाधड अंदर जाते, आपलंच सांगत बसते. तू इतके वर्सं दारात उभा हायेस. अंदर कोनी नाही असं वाटते, तं उभा काऊन राहतेस, पोट्ट्या?"

तिनं माझा हात धरून उठायला आधार घेतला. "आता हा एक मात्र देजो. म्हना, रिबकाचा राग गेला. गारांचाबी गेला, याकोबाचाबी गेला. ती येऊन राहिली."

"मावशी, हे तरी तूच सांग ना त्याला."

"वा रे वा! पैले मीच बोलू? पैले बोललं तं हारलं ना!" आणि इतकी हसली की मला तिला पुन्हा पिढ्यावर बसवावं लागलं.

आता रविवारी पांढुर्ण्याहून येतो तेव्हा ते पिढं तिथेच असतं, तोंड बाहेर करून. मागच्या खेपेला कुणीतरी ते प्रेमानं पुढे नेऊन ठेवलं होतं. मी उचलून परत दाराशी आणलं. लोकांना वाटलं, मास्तर हळवे झाले. तसं नाही. अबोला सुटल्याचं त्याच्यापर्यंत अजून पोचलेलंच नाही, तर पिढं पुढे कसं जाणार? मी डोळे मिटतो, पाठ असलेलं सगळं म्हणतो, आणि नेमक्या 'रिबकाचा राग गेला' या वाक्याशी येऊन थांबतो... ते म्हणायचं तर समोर कुणी आहे असं धरूनच म्हणावं लागेल. थांबतो, आणि हल्ली थोडं हसूही येतं.

रिबकामावशीचा शेवटचा निरोप मी अजून दिलेला नाही. तो मला द्यायचा आहे.